कार्बन डाय-ऑक्साइडचे रूपांतर : सामान्य धातूंचे उत्प्रेरक आणि स्वस्ताईचा युक्तिवाद

कार्बन डाय-ऑक्साइडपासून मिथेनॉल, फॉर्मिक अम्ल, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, एथिलीन इत्यादी उपयुक्त द्रव्ये करण्याविषयी अलीकडे जे शोधनिबंध प्रसिद्ध होतात, त्यांचा उपोद्घात बहुधा एकाच साच्यातून काढलेला असतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण वाढत आहे, हे पहिले वाक्य. राजधातूंचे उत्प्रेरक कार्यक्षम असले तरी ते दुर्मिळ व महाग आहेत, हे दुसरे. ‘म्हणून प्रस्तुत निबंधात’ लोखंड, निकेल, कोबाल्ट किंवा तांबे यांच्यापासून केलेल्या उत्प्रेरकाचा अभ्यास केला आहे, हे तिसरे. ही तीन वाक्ये इतकी अंगवळणी पडली आहेत की ती कोणी थांबून वाचीत नाही. आपल्या विभागात सादर होणाऱ्या प्रबंधांच्या आराखड्यांतही ती वेगळी नसतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दुसऱ्या वाक्याची तपासणी करावयाची आहे. सामान्य धातूंच्या उत्प्रेरकांचे महत्त्व प्रस्तुत लेखकास मान्य आहे. किंबहुना ते बहुतेक निबंधकार मानतात त्याहून अधिक आहे असेच त्याचे मत आहे. आक्षेप आहे तो त्या महत्त्वाचे जे कारण दिले जाते त्यास. स्वस्ताई हे या धातूंच्या बाजूचे सर्वांत दुबळे कारण होय. आणि त्यावर सारा भार टाकल्यामुळे बळकट कारणे मागे पडली आहेत, इतकेच नव्हे तर प्रयोगांच्या काटेकोरपणालाही त्याची झळ लागली आहे.

प्रथम नावाचा विचार करू. सोने, चांदी आणि प्लॅटिनम गटातील सहा धातू यांना राजधातू म्हणावयाचे आणि उरलेल्या साऱ्यांना ‘राजधातू नसलेले’ या एका नकारात बांधावयाचे, ही व्यवस्था किमयागारांना शोभेल. रसायनशास्त्रज्ञाला ती फारशी उपयोगी नाही. लोखंड आणि इंडियम हे दोन्ही या नकारात सामावतात. पण लोखंड पायाखाली पसरलेले आहे, तर इंडियम हे मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात हाती लागणारे उपपदार्थरूप द्रव्य आहे. जस्ताचे उत्पादन वाढल्याखेरीज त्याचा पुरवठा सहजी वाढत नाही. कोबाल्टचा जगातील बहुतांश पुरवठा एकट्या काँगोच्या लोकसत्ताक प्रजासत्ताकातून होतो. झिर्कोनियम ऑक्साइडवर बसविलेल्या इंडियम ऑक्साइडच्या उत्प्रेरकाने मिथेनॉल करण्याचे जे काम २०१६ साली स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध झाले, ते एक हजार तास टिकलेल्या उत्प्रेरकाचे म्हणून खरोखरच आदरास पात्र आहे. परंतु ‘विपुल व स्वस्त धातू’ या सदरात त्याची गणना करणे म्हणजे शब्दांची ओढाताण होय.

आता महागाईचा हिशोब. हा हिशोब पाच मिनिटांत होण्यासारखा असून तो निबंधांत क्वचितच आढळतो. कार्बन डाय-ऑक्साइडचे विद्युत् क्षपण करून कार्बन मोनॉक्साइड मिळविण्यास चांदीचा ऋणाग्र वापरतात. एका चौरस सेंटिमीटरवर एक मिलिग्रॅम चांदी हे नेहमीचे प्रमाण धरले तर एका चौरस मीटरला दहा ग्रॅम चांदी लागते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून २०० मिलिअँपिअर प्रवाह जात आहे आणि त्यातील नव्वद टक्के कार्बन मोनॉक्साइड करण्यात खर्ची पडत आहे असे मानू. फॅरडेच्या नियमाने गणित केले असता वर्षाच्या ८,००० तासांत त्या एका चौरस मीटरमधून सुमारे साडेसात टन कार्बन मोनॉक्साइड निघावयास हवा. घटाचे वर्चस् तीन व्होल्ट असेल तर याच काळात वीज लागेल ४८,००० युनिट. पाच रुपये दराने तिचे दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. दहा ग्रॅम चांदीची किंमत, तिचा भाव कितीही चढला असला तरी, काही हजार रुपयांच्या आतच राहते. शिवाय चांदी नष्ट होत नाही, ती पुन्हा गाळून घेता येते. अशा स्थितीत चांदीच्या जागी फुकटची माती जरी चालली, तरी उत्पादनाच्या खर्चात वाचणारा भाग एक-दोन टक्क्यांचा आहे. उलट, त्या मातीला घटाचे वर्चस् दशांश व्होल्टने जरी अधिक लागले, तर विजेचे बिल आठ हजार रुपयांनी वाढून तो लाभ धुऊन निघेल. सोन्याची गोष्ट निराळी, हे कबूल. पण सोन्याच्या ऋणाग्राचे कारखाने काढावेत असे कोणी म्हणत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, व तो रास्त आहे. किंमत आणि उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनियाच्या संश्लेषणात हाबर यांनी १९०९ साली ज्या उत्प्रेरकांनी यश मिळविले त्यांत ऑस्मियम प्रमुख होते. साऱ्या जगातले ऑस्मियम एकत्र केले असते तरी खतांच्या कारखान्यांची गरज भागली नसती. तेथे पर्याय शोधणे अटळच होते, आणि मिट्टाश व त्यांचे सहकारी यांनी हजारो मिश्रणे तपासून तो शोधला. स्वीडनमधील येलिवारे येथील लोहखनिजाचा एक नमुना अनपेक्षितपणे उत्तम ठरला, आणि त्याच्या गुणाचे मूळ त्यातील अपद्रव्यांत आहे हे पुढे उलगडले. आजच्या कारखान्यांतील लोखंडाचा उत्प्रेरक अ‍ॅल्युमिना व पोटॅश यांच्या जोडीने काम करतो तो त्याच वंशातला. ही कथा आपल्या विषयाच्या उपोद्घातांतून वारंवार उद्धृत केली जाते. पण तिचे मर्म ऑस्मियम ‘महाग’ होते यात नसून ते ‘पुरत’ नव्हते यात आहे. एक ग्रॅम धातूमागे किती टन उत्पादन निघते आणि जगात त्या धातूचे किती टन आहेत, हे दोन आकडे मांडले की पर्यायाची गरज आहे की नाही हे आपोआप ठरते. ते न मांडता ‘दुर्मिळ व महाग’ ही जोडविशेषणे लिहिणे म्हणजे युक्तिवादाचा भास निर्माण करणे होय.

दुसरे असे की, या क्षेत्रात सामान्य धातू पर्याय म्हणून आलेले नाहीत. ते मुळातच आहेत. साबात्ये आणि सांदेरां यांनी १९०२ साली कार्बनच्या दोन्ही ऑक्साइडांपासून हायड्रोजनच्या साहाय्याने मिथेन केला तो निकेलवर. मिथेनॉलच्या उत्पादनास जर्मनीत १९२३ साली प्रारंभ झाला तो जस्त व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर, फार मोठ्या दाबाखाली. आणि १९६६ साली इंग्लंडात कमी दाबाची जी पद्धत आली व जी आजही सर्वत्र प्रचलित आहे, ती तांबे, जस्ताचे ऑक्साइड व अ‍ॅल्युमिना यांच्या उत्प्रेरकावर आधारलेली आहे. त्या कारखान्यांत कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण पुरविले जाई आणि मिथेनॉल कार्बन मोनॉक्साइडपासून होते असा बहुतेकांचा समज होता. किरणोत्सर्गी कार्बनने खूण केलेले रेणू वापरून १९८७ साली त्याच उद्योगातील संशोधकांनी दाखवून दिले की मिथेनॉलमधील कार्बन मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडमधून येतो. म्हणजे आज ज्याला आपण नवे रूपांतर म्हणून मिरवितो ते कारखान्यांत वीस वर्षे नित्य चालू होते, आणि तेही सामान्य धातूंवर! या साऱ्या इतिहासात राजधातूंना हुसकावून लावण्याचा प्रसंगच आला नाही. गंमत अशी की या तांब्याच्या उत्प्रेरकात क्रिया नेमकी कोठे घडते, जस्ताने झाकलेल्या तांब्याच्या पायऱ्यांवर की तांबे व जस्ताचे ऑक्साइड यांच्या सीमेवर, याविषयी २०१२ आणि २०१७ साली परस्परविरुद्ध मते मांडणारे निबंध एकाच प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वापरात अर्धशतक काढलेल्या उत्प्रेरकाची ही अवस्था. मग सहा महिन्यांच्या उत्प्रेरकाची ‘कार्ययंत्रणा’ एका आकृतीत रेखाटणाऱ्यांनी जरा हात आखडता घ्यावयास हरकत नाही.

तांब्याचे खरे माहात्म्य मात्र विद्युत् क्षपणात दिसते. कार्बन डाय-ऑक्साइडचे विद्युत् क्षपण ही जुनी गोष्ट आहे. जस्ताच्या ऋणाग्रावर फॉर्मिक अम्ल मिळाल्याची नोंद १८७० सालची आहे. परंतु १९८५ साली जपानमधील चिबा विद्यापीठात योशिओ होरी आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या धातूंचे ऋणाग्र एकाच कसोटीला लावले तेव्हा जो तक्ता तयार झाला, तो या विषयाचा पाया ठरला. कथील, शिसे, इंडियम, पारा यांच्यावर मुख्यतः फॉर्मेट. सोने, चांदी व जस्त यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड. प्लॅटिनम, निकेल, लोखंड यांच्यावर जवळजवळ केवळ हायड्रोजन. आणि एकट्या तांब्यावर मिथेन व एथिलीन. हा तक्ता नीट पाहिला तर ध्यानात येते की त्यात राजधातू आणि सामान्य धातू अशी सीमारेषा कोठेच पडत नाही. सोन्याच्या शेजारी जस्त बसले आहे, प्लॅटिनमच्या शेजारी लोखंड. आणि दोन कार्बन अणूंची जोडणी करून उल्लेखनीय प्रमाणात एथिलीन देणारा जो एकच शुद्ध धातू आहे, तो राजधातू नाही. तांबे येथे कोणाच्या ऐवजी आलेले नाही, कारण ज्याच्या ऐवजी यावे असा दुसरा कोणी नाहीच.

असे का, याचे स्थूल उत्तर ठाऊक आहे. क्रियेच्या मध्यावर धातूच्या पृष्ठभागाला कार्बन मोनॉक्साइड चिकटतो. प्लॅटिनम व निकेल त्याला इतके घट्ट धरतात की पृष्ठभाग त्यानेच भरून जातो आणि उरल्या जागी हायड्रोजन निघत राहतो. सोने व चांदी त्याला इतके सैल धरतात की तो पुढची क्रिया होण्यापूर्वीच निसटतो. तांब्याची पकड मध्यम. रेणू थांबतो, शेजाऱ्याशी जुळतो, हायड्रोजन स्वीकारतो. हा मध्यमपणा हेच तांब्याचे भांडवल आणि हाच त्याचा दोष. कारण मध्यम पकडीच्या पृष्ठभागावर अनेक वाटा एकाच वेळी खुल्या असतात. स्टॅनफर्ड येथे २०१२ साली केलेल्या सूक्ष्म विश्लेषणात तांब्यावर सोळा निरनिराळी उत्पादिते आढळली. सोळा पदार्थांचे मिश्रण हा विश्लेषकाचा आनंद असला तरी कारखानदाराची डोकेदुखी आहे. स्फटिकाच्या एका पृष्ठावर एथिलीन अधिक, दुसऱ्यावर मिथेन अधिक, हे होरी यांनीच एकस्फटिकांवर दाखविले. परंतु क्रिया चालू असता हे पृष्ठ स्वतःची रचना बदलते. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे शोधण्यात रसायनशास्त्राची प्रगती आहे. ‘तांबे स्वस्त आहे’ या वाक्याने त्यांतील एकालाही स्पर्श होत नाही.

निकेलची कथा याहूनही बोलकी आहे. होरींच्या तक्त्यात निकेल हायड्रोजनच्या रांगेत आहे. त्याच निकेलचे सुटे अणू नायट्रोजनयुक्त कार्बनच्या जाळीत बसविले की ते कार्बन मोनॉक्साइड देऊ लागतात आणि प्रवाहाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्याच कामी लागतो. धातू तोच, शेजार बदलला. मोठ्या पृष्ठावर निकेलचे अनेक अणू मिळून कार्बन मोनॉक्साइडला जखडतात. एकट्या अणूला ते साधत नाही. निसर्गाने ही युक्ती फार पूर्वी केली आहे. काही सूक्ष्मजंतूंतील कार्बन मोनॉक्साइड डीहायड्रोजनेज या एंझाइमाच्या गाभ्यात निकेल, लोखंड आणि गंधक यांचा एक छोटासा समूह आहे. त्याची स्फटिकरचना २००१ साली उलगडली. ते एंझाइम कार्बन डाय-ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांमधील विक्रिया दोन्ही दिशांनी घडविते, आणि ऊष्मागतिकीने ठरवून दिलेल्या वर्चसाहून जवळजवळ काहीही अधिक मागत नाही. मोकळ्या कार्बन डाय-ऑक्साइडला एकच इलेक्ट्रॉन देऊ गेल्यास प्रमाण हायड्रोजन विद्युत् अग्राच्या तुलनेत सुमारे उणे १·९ व्होल्टपर्यंत जावे लागते, हे लक्षात घेता या साध्या दोन धातूंनी काय साधले आहे याची कल्पना यावी. लोखंडाच्या पॉर्फिरिनावर पॅरिस येथे साव्हेआं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम याच मार्गावरचे आहे. २०१२ साली त्यांनी पॉर्फिरिनाच्या कडेला फिनॉलचे गट बसवून क्रियेसाठी लागणारे प्रोटॉन हाताशी आणून ठेवले आणि उत्प्रेरणाचा वेग प्रचंड वाढविला. या कामांची थोरवी लोखंडाच्या भावावर तोलणे हा त्यांचा अधिक्षेप आहे.

येथवर केवळ उपोद्घाताविषयी तक्रार झाली. आणि उपोद्घात कोण मनावर घेतो, असे कोणी म्हणू शकेल. परंतु उपोद्घातात जे सिद्ध करावयाचे ठरविले त्यावरून निबंधातील मोजमापे ठरतात. ‘राजधातूविना’ हे एकदा यश मानले की पुढची कसोटी सैल होते. याचे पहिले व सर्वांत लज्जास्पद उदाहरण म्हणजे अपद्रव्ये. धनाग्र म्हणून प्लॅटिनमची तार वापरावयाची, ती द्रावणात सूक्ष्म प्रमाणात विरघळावयाची, ऋणाग्रावर तिचा थर बसावयाचा, आणि मग त्या ऋणाग्राच्या ‘राजधातूविरहित’ वर्तनाची चर्चा करावयाची, हा प्रकार अजूनही पूर्ण थांबलेला नाही. धातूच नसलेल्या कार्बनचे उत्प्रेरक काही वर्षे फार गाजले. २०१६ साली बर्कली येथील संशोधकांनी दाखविले की ग्राफीन ऑक्साइडासारख्या कार्बनद्रव्यांत तयार करण्याच्या रीतीतूनच तांब्याचे अल्प अंश शिरतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे क्षपण लक्षात येण्याइतपत घडवितात. होरी यांना हे भय आरंभापासून होते. द्रावणातील लोह व जस्ताच्या लेशमात्र अंशांनी तांब्याचा ऋणाग्र काही मिनिटांत निकामी होतो हे त्यांनी दाखविले आणि प्रयोगापूर्वी द्रावणाचे दीर्घकाळ विद्युत् विच्छेदन करून ते शुद्ध करण्याचा परिपाठ ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीच्या या शिस्तीपुढे आजच्या कित्येक निबंधांतील ‘बाजारात मिळाले तसे वापरले’ हे वाक्य केविलवाणे वाटते.

कार्बन कोठून आला, हा प्रश्न याच जातीचा. प्रकाशाच्या साहाय्याने टायटॅनियम डाय-ऑक्साइड व तत्सम अर्धवाहकांवर कार्बन डाय-ऑक्साइडचे क्षपण होते, असे १९७९ साली जपानमधून प्रथम नोंदले गेले आणि त्यानंतर तांबे, निकेल, कोबाल्ट यांची जोड देऊन केलेल्या प्रयोगांना पूर आला. उत्पादिते सूक्ष्म प्रमाणात, बहुधा ग्रॅममागे तासाला काही मायक्रोमोल. २०१० साली नेदरलंड्समध्ये तांबेयुक्त टायटॅनियम डाय-ऑक्साइडावर कार्बन-१३ समस्थानिकाचा कार्बन डाय-ऑक्साइड सोडून पाहिला, तेव्हा निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडात साधा कार्बन-१२ प्रामुख्याने आढळला. म्हणजे तो वायूतून आलेला नव्हता; उत्प्रेरक तयार करताना पृष्ठभागावर राहून गेलेल्या कार्बनी अवशेषांतून आलेला होता. त्या निबंधाच्या शीर्षकातच हे सारे सत्य की कल्पित असा प्रश्न विचारला होता. त्यानंतरही समस्थानिकाची चाचणी न करता असे निबंध निघत राहावेत, आणि ते छापलेही जावेत, याचे समर्थन होऊ शकत नाही. कार्बन-१३ युक्त वायूची एक छोटी कुपी महाग असते खरी. पण ज्याच्या निष्कर्षाचा सारा आधार त्या एका चाचणीवर आहे त्याने ती टाळावी, हे घराचा पाया वगळून खर्च वाचविण्यासारखे आहे.

टक्केवारीच्या भाषेतही सावधगिरी हवी. सोडियमयुक्त लोहऑक्साइड आणि झिओलाइट यांच्या जोडीने कार्बन डाय-ऑक्साइडपासून थेट पेट्रोलच्या श्रेणीतील हायड्रोकार्बने करण्याचे चीनमधील दालियन येथील काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. ते उत्तम आहे. मिथेनचे प्रमाण चार टक्क्यांवर रोखणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि निबंधकारांनी आकडे स्वच्छपणे मांडले आहेत. परंतु ‘७८ टक्के वरणक्षमता’ हा जो आकडा नंतर सर्वत्र उद्धृत झाला, तो सर्व हायड्रोकार्बनांमधील वाटा आहे, आणि एका फेरीत कार्बन डाय-ऑक्साइडचे रूपांतर होते २२ टक्के. शंभर कार्बन अणू आत गेले तर, कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडणारे अणू जमेस न धरताही, पेट्रोलच्या श्रेणीत येणारे अणू फार तर सतरा. उरलेले पुन्हा फिरवावे लागतात, दाबावे लागतात, वेगळे करावे लागतात. मूळ निबंधाचा हा दोष नाही; उद्धृत करणाऱ्यांचा आहे.

विद्युत् क्षपणात याहून सूक्ष्म गळती आहे. टोरोंटो येथील गटाने २०१८ साली तांब्याच्या सच्छिद्र ऋणाग्रावर एथिलीनसाठी सत्तर टक्के फॅरडे कार्यक्षमता मिळविली व तो ऋणाग्र १५० तास चालविला. वायू, द्रावण व उत्प्रेरक यांची भेट अत्यंत पातळ थरात घडवून आणण्याची त्यांची रचना प्रशंसनीय होती. पण द्रावण होते तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे, आणि हायड्रॉक्साइड व कार्बन डाय-ऑक्साइड भेटले की कार्बोनेट होणार हे शाळेतल्या चुन्याच्या निवळीने शिकविलेले आहे. द्रावण उदासीन घेतले तरी सुटका नाही, कारण क्षपणात हायड्रॉक्साइड निर्माण होतच असते. एथिलीनच्या एका रेणूसाठी बारा इलेक्ट्रॉन लागतात. त्याबरोबर बारा हायड्रॉक्साइड आयन तयार होतात आणि ते कार्बन डाय-ऑक्साइडचे सहा रेणू गिळून कार्बोनेट करतात. एथिलीनमध्ये जातात दोन. आठांपैकी दोन, म्हणजे पंचवीस टक्के, ही उत्प्रेरक कितीही चांगला असला तरी न ओलांडता येणारी मर्यादा आहे. ती ओलांडावयाची तर अम्लयुक्त माध्यम किंवा निराळी घटरचना हवी. कार्बन मोनॉक्साइडसाठी हाच हिशोब पन्नास टक्क्यांवर थांबतो. आपल्या विद्यार्थ्यांनी धातूंच्या तक्त्याइतकाच हा हिशोब पाठ करावा. आणि १५० तास म्हणजे सहा दिवस, हेही.

उष्णतेच्या मार्गाने हायड्रोजन वापरून केलेल्या रूपांतरात खर्चाचे केंद्र आणखी दूर सरकते. एक टन मिथेनॉलला १·३७५ टन कार्बन डाय-ऑक्साइड आणि १८७·५ किलोग्रॅम हायड्रोजन लागतो. पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने एक किलोग्रॅम हायड्रोजन मिळविण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते असे धरले, तर एका टनामागे केवळ हायड्रोजनसाठी सुमारे दहा हजार युनिट खर्ची पडतात. आणि त्या टनभर मिथेनॉलच्या ज्वलनातून परत मिळणारी उष्णता साडेपाच हजार युनिटांइतकी. उत्प्रेरक तांब्याचा आहे की आणखी कशाचा, याने या आकड्यांत फरक पडत नाही. चीनमधील आन्यांग येथे २०२२ साली सुरू झालेला, वर्षाला एक लाख दहा हजार टन मिथेनॉलची क्षमता असलेला कारखाना हायड्रोजन घेतो तो कोक भट्ट्यांच्या वायूतून, यातच सर्व आले. मध्य प्रदेशातील विंध्याचल वीज केंद्रात एन.टी.पी.सी.ने धुराड्यातून पकडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपासून मिथेनॉल करून दाखविल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. तेथे हायड्रोजन मिळविला तो प्रोटॉनवाहक पटलाच्या विद्युत् विच्छेदकाने. या प्रकारच्या विच्छेदकांत प्रचलित रचनेनुसार ऋणाग्रावर प्लॅटिनम आणि धनाग्रावर इरिडियम असते. म्हणजे मिथेनॉलच्या पात्रात तांबे असले तरी राजधातू शेजारच्या खोलीत बसलेले असतात, आणि आपण उपोद्घातात त्यांना निरोप देऊन मोकळे होतो.

हाच प्रकार कार्बन डाय-ऑक्साइडच्या थेट विद्युत् क्षपणाच्या घटांतही आढळतो. ऋणाग्रावरील निकेल-नायट्रोजन-कार्बनाचे गुणगान शीर्षकात असते. धनाग्र इरिडियम ऑक्साइडचा होता, ही गोष्ट प्रायोगिक भागाच्या एखाद्या ओळीत सापडते. ऋणाग्रावरची दहा ग्रॅम चांदी वाचविण्यासाठी केलेल्या प्रयोगात धनाग्रावर इरिडियम उधळणे हे चमत्कारिकच. इरिडियमचे सर्व जगातील वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या घरात आहे. ऑस्मियमची जी अडचण हाबर यांच्यापुढे होती ती येथे खरोखर उभी आहे. आणि इरिडियम तेथे हौसेने घातलेले नाही. तीव्र अल्कधर्मी द्रावणात निकेलचा धनाग्र उत्तम टिकतो. पाण्याच्या विच्छेदनात तो अनेक दशके वापरात आहे. परंतु वर सांगितलेले कार्बोनेट पटलातून धनाग्राकडे पोहोचते, तेथील द्रावणाची अल्कता उतरते, आणि मग निकेल झिजू लागते. द्विध्रुवी पटल मध्ये घालून धनाग्राची बाजू अल्कधर्मी राखता येते व निकेल वापरता येते, पण त्यासाठी घटाचे वर्चस् वाढवावे लागते, म्हणजे पुन्हा विजेचा प्रश्न. बायकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात, शेकडो मिलिअँपिअर प्रवाहाखाली, हजारो तास टिकेल असा लोखंड, निकेल किंवा कोबाल्टचा ऑक्सिजन-धनाग्र हवा आहे. या विषयाकडे वळणारे संशोधक ऋणाग्राच्या मानाने थोडे आहेत, कारण त्यात कार्बन डाय-ऑक्साइड नसून केवळ पाणी आणि ऑक्सिजन आहे आणि शीर्षक तितके आकर्षक होत नाही. येत्या सत्रात आराखडे मांडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तो प्रश्न हाती घेतला, तर त्याला उपोद्घातातील दुसरे वाक्य शब्दशः तसेच ठेवता येईल.